चेण्याला फिरायला जाताय? कॅमेरा हलकाच घ्या

घोडबंदर रोडवरच्या चेण्याला एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. पावसाळ्यात झाडांखाली उजेड फार कमी असतो. म्हणून कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल नंतर, आधी सेन्सरचा आकार आणि लेन्सचं ॲपर्चर बघा.

कमी खर्चात माझी पहिली पसंती जुन्या सोनी आरएक्स१०० ला. २०१२ चं मॉडेल, बॅटरीसकट वजन २४० ग्रॅम, खिशात मावतो. सेन्सर '१ इंची' म्हणतात, प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, तरी बहुतेक फोनपेक्षा मोठा. एफ/१.८ ची लेन्स सावलीतही साथ देते. मात्र झूम केलं की ॲपर्चर एफ/४.९ पर्यंत आकसतं, आणि लांबचे पक्षी याच्या आवाक्यात येत नाहीत. पक्ष्यांसाठी निकॉन पी९५० चा ८३ पट झूम आहे, पण वजन किलोभर!

सेकंडहँडसाठी फोर्टातला बोरा बाजार पालथा घाला. घेण्याआधी झूम पुढेमागे करून आवाज ऐका. एफ/११ वर आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे, तो घेऊ नका. पावसापासून आरएक्स१०० ला संरक्षण नाही, झिपलॉक पिशवी आणि सिलिका जेल सोबत हवंच.