पाळण्याच्या गजांमधली फट

कात्रपमध्ये आमच्या इमारतीत एका घरी गेल्या वर्षी नातू झाला. बारशाच्या आधी आजोबांनी माळ्यावरचा जुना पाळणा खाली उतरवला. टांगायचा नव्हे, चार पायांवर उभा राहणारा, चारही बाजूंना उभे गज असलेला, सागवानी. याच पाळण्यात घरातली दोन मुले वाढलेली. आम्हाला बोलावणे आले ते रंग कोणता द्यावा हे विचारायला. आम्ही मोजपट्टी मागितली आणि दोन गजांमधली मोकळी जागा मोजली. ती साडेआठ सेंटिमीटर भरली. रंगाचे राहू द्या, आधी या फटीचे पाहू, असे म्हटल्यावर आजोबा हसले. “अहो, एवढ्याशा फटीतून बाळ पडेल होय? डोके तरी मावते का त्यातून?”

डोके मावत नाही, हेच तर दुखणे आहे.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंमी असतो. घेराला पायने भागले तर व्यास १०.८ सेंमी येतो. पण डोके काही अचूक गोल नसते. कपाळापासून मागपर्यंत ते लांब, तर दोन्ही बाजूंमध्ये थोडे अरुंद, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंमी रुंद असते. शिवाय ते हाडांचे आहे. फारसे दबत नाही. आता बाकीचे अंग पाहा. पाय बारीक, पोट मऊ, आणि कमरेखालचा भाग पुढून-मागून चपटा व सहज दबणारा. मोठ्या माणसात शरीराच्या मानाने डोके लहान असते, तान्ह्या बाळात उलटे. म्हणून बाळ झोपेत सरकत सरकत कठड्यापाशी गेले आणि त्याचे पाय गजांतून बाहेर आले, की कंबर त्यामागून निघते, छातीही निघू शकते. डोके मात्र आत अडकते. सारे वजन मान आणि हनुवटीवर येते. बाळाच्या हातात स्वतःला वर ओढण्याइतके बळ नसते. श्वासनलिका दबली की रडण्याचा आवाजही फुटत नाही.

म्हणजे येथे ‘मोठी फट धोक्याची, लहान फट सुरक्षित’ असे सरळ गणित नाही. ज्या फटीतून शरीर जाते पण डोके जात नाही, ती फट म्हणजे सापळा. आजोबांची साडेआठ सेंटिमीटरची फट नेमकी त्यात बसत होती. मग त्या पाळण्यात वाढलेल्या दोन मुलांचे काय? त्यांचे काही बिघडले नाही हे खरेच. पण दोन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

अमेरिकेत याबाबतचा नियम १९७३ साली झाला आणि १९७४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. दोन गजांत २ पूर्णांक ३/८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. हा आकडा डोक्यावरून काढलेला नाही, हे लक्षात घ्या. लहानखुऱ्या बाळाची कंबरही बाहेर पडू नये, असे पाहून तो ठरवला आहे. पाय बाहेर आले तरी चालतील. धड अडले की डोक्याचा प्रश्नच उरत नाही.

युरोपचे मानक, ‘ईएन ७१६’, याहून मजेदार आहे. ते फटीची कमाल मर्यादा सांगून थांबत नाही. फट ७ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, किंवा १२ ते २५ मिमी, किंवा ४५ ते ६५ मिमी. मधल्या जागा वर्ज्य! फळ्यावर एक संख्यारेषा काढून हे आकडे मांडा, म्हणजे कारण आपोआप उलगडेल. ७ ते १२ मध्ये बाळाचे बोट शिरते आणि अडकते. २५ ते ४५ मध्ये हात किंवा पाय शिरतो आणि अडकतो. ६५ च्या पुढे धड. प्रत्येक वर्ज्य पट्टा म्हणजे शरीराच्या एकेका अवयवाचे माप आहे.

हे आम्हाला वेळेवर आठवले ते बरे झाले. कारण बोलावलेल्या मिस्त्रींनी झटकन तोडगा काढला होता: “प्रत्येक फटीत मधोमध अडीच सेंटिमीटरचा एक गज ठोकतो, झाले काम.” हिशेब करून पाहा. ८.५ मधून २.५ गेले, उरले ६. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर. म्हणजे ३० मिमी! धडाचा सापळा गेला आणि पायाचा आला. हा दुसरा सापळा सहसा जीवघेणा नाही, पण रात्री दोन वाजता पिळलेला पाय सोडवणे काही सुखाचे नाही. शेवटी गजाऐवजी ४ सेंटिमीटर रुंदीची पट्टी ठोकायचे ठरले. ८.५ वजा ४, उरले ४.५, प्रत्येक बाजूला २२.५ मिमी. परवानगीच्या पट्ट्यात. मिस्त्रींनी हे मापही लगेच डोक्यात ठेवले.

फट सुरुवातीला योग्य असून भागत नाही, ती योग्य राहिलीही पाहिजे. याचा धडा अमेरिकेने फार उशिरा घेतला. तिकडे एक बाजू खालीवर सरकवता येईल असे पाळणे अनेक वर्षे लोकप्रिय होते. बाळाला उचलताना आईला वाकावे लागत नसे. पण ती बाजू धरून ठेवणाऱ्या कड्या आणि खिट्या सैल होत, तुटत. बाजू एका टोकाला सुटे आणि गादी व कठडा यांच्यामध्ये पाचरीसारखी फट उघडे. २००० सालापासूनच्या दशकात अशा पाळण्यांत किमान ३२ बालके दगावल्याची नोंद तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने केली. डिसेंबर २०१० मध्ये नवे नियम आले आणि २८ जून २०११ पासून पारंपरिक सरकत्या बाजूचे पाळणे बनवणे, आयात करणे आणि विकणे बंद झाले. नव्या चाचण्यांत गादीखालच्या आधारावर सुमारे २० किलोचे वजन ७५० वेळा टाकून सांधे ढिले होतात का ते पाहतात. उड्या मारणारे मूल आणि दुसरे काय करते?

या नियमांत आयात करणाऱ्यालाही उत्पादकाइतकेच बांधलेले असते. कारण साधे आहे. परदेशातला कारखानदार इथल्या न्यायालयाच्या हाती लागत नाही. माल उतरवून घेणारा लागतो. म्हणून अमेरिकेत आयात पाळण्याची मान्य प्रयोगशाळेत चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र आयातदाराने द्यायचे असते.

आपल्याकडे काय? खेळण्यांबाबतचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० चा. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, मग ती इथे बनलेली असोत वा आयात केलेली. (नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे.) पण खेळणे म्हणजे खेळायची वस्तू. तेव्हा पाळण्यावर टांगलेले कारखान्यातले चिमणाळे या आदेशात येते आणि ज्यात बाळ एकटे झोपते तो पाळणा खेळणे ठरत नाही! मात्र २०२० च्या जुलैत अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी सांगितली आहे. रचनेतच दोष असेल तर उत्पादक भरपाईला बांधील ठरतो, आणि ‘विक्रेता’ या शब्दाच्या व्याख्येत आयातदारही धरला आहे. पण भरपाई अपघातानंतरची. आणि माळ्यावरून उतरवलेल्या पाळण्याला, किंवा साडीच्या झोळीला, ना उत्पादक ना आयातदार. तिथे कायदा पोचत नाही, मोजपट्टी पोचते.

रंगाचा प्रश्न राहिलाच. दात येऊ लागलेले मूल कठडा चावते. रंगात शिसे असेल तर ते पोटात जाते आणि वाढत्या मेंदूला अपाय करते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे एक किलो सुक्या रंगात ९० मिलिग्रॅम, अशी आहे; ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. हा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा. मिस्त्री पॉलिशपेपर घेऊन बसलेच होते. कोरडे घासले तर तीच धूळ घरभर उडेल, म्हणून पाळणा बाहेर नेऊन, पाणी मारून, ओला घासून घेतला. घासलेला चिखल गोळा करून वेगळा बांधला.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग आहे. जाड पुठ्ठ्याच्या ७, १२, २५, ४५ आणि ६५ मिमी रुंदीच्या पाच पट्ट्या कापा आणि एखाद्या पाळण्याच्या फटीत एकेक घालून पाहा. १२ ची गेली पण २५ ची गेली नाही, तर फट चालेल. २५ ची गेली आणि ४५ ची अडली, तर नाही. अशा किती शक्यता आहेत आणि त्यांतल्या किती मान्य, हे मुलांनाच शोधू द्या. गज लवचीक असतील तर पट्टी थोडा जोर लावून घाला, कारण बाळही जोर लावते. थंड पेयाचा डबा गजांतून जातो का पाहावा, असा सल्ला परदेशी पुस्तिकांत दिसतो. तो जुन्या जाड डब्याचा, ज्याचा व्यास सुमारे ६६ मिमी होता. हल्ली दुकानात मिळणारा सडपातळ डबा ५८ मिमीच्या आसपास असतो. त्याने मोजलेत तर अगदी चांगला पाळणाही नापास होईल.