इम्प्लांट काढताना भूल कोणती?

कर्जत-खालापूरच्या बोलीत भुलेचे दोनच प्रकार रुळलेले आहेत, पूर्ण भूल आणि अर्धी भूल. त्यांतली अर्धी, म्हणजे कमरेच्या मणक्यात दिले जाणारे इंजेक्शन, सिझेरियनमुळे घरोघरी ठाऊक असल्याने स्तनातील इम्प्लांट काढण्याची वेळ आली की ‘अर्ध्या भुलेत होईल का’ हा प्रश्न साहजिकच निघतो, आणि नेमका हाच पर्याय येथे सर्वांत कमी उपयोगी पडतो. सिझेरियनसाठी हे औषध स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढवले जातेच, परंतु स्तनाची संवेदना त्याच्याही वरच्या बरगड्यांमधील आणि थोडी मानेकडून उतरणाऱ्या मज्जातंतूंकडेही असते; औषध तेथवर चढवले, तर श्वासाला हातभार लावणारे बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात आणि हृदयाला वेग देणाऱ्या तंतूंवर परिणाम होऊन नाडी व रक्तदाब घसरतो. छातीच्या मणक्यात एपिड्युरल देता येते, पण त्याला सरावलेला हात लागतो.

मग योग्य भूल कशी ठरते, यासाठी आधी इम्प्लांट समजून घ्यावे लागते. सिलिकॉनचे पहिले स्तन-इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवले गेले; पुढे कर्करोगात काढलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेतही ते वापरले जाऊ लागले. शरीर या परक्या वस्तूभोवती स्वतःचे पातळ आवरण, म्हणजे कोश, तयार करते आणि भुलेचा निर्णय इम्प्लांटच्या पिशवीपेक्षा या कोशावर अधिक अवलंबून असतो. कोश मऊ असून केवळ पिशवी काढायची असेल, तर जागा बधिर करून आणि शिरेतून गुंगीचे औषध देऊन काम भागू शकते.

मात्र बधिर करण्याच्या औषधाचे गणित कडक असते. लिग्नोकेनच्या दोन टक्के द्रावणात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम औषध असते आणि ॲड्रेनॅलिन मिसळल्यास वजनाच्या किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम ही प्रचलित मर्यादा आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीला ३५० मिलिग्रॅम, साडेसतरा मिलिलिटर, दोन्ही बाजूंना वाटले तर प्रत्येकी नऊसुद्धा नाही. म्हणून ते सलाइनमध्ये पातळ करून पसरवतात. मात्रा ओलांडली तर ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज घुमतो, पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. त्यावरचा उतारा, म्हणजे लिपिड इमल्शन, हाताशी नसेल, तर ‘छोटी शस्त्रक्रिया’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल आणि कडक झालेला कोश बरगड्यांवरून सोलून काढायचा असेल, तेव्हा पूर्ण भूलच योग्य, कारण फुफ्फुसाभोवतीचे आवरण चुकून फाटले, तर श्वासनलिकेत आधीच बसवलेली नळी रुग्णाला सावरते. (पूर्ण भुलेच्या इतिहासाची एक नोंद स्तनापाशीच सुरू होते: जपानच्या हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये, ईथरच्या भुलेच्या बेचाळीस वर्षे आधी, वनस्पतींचा काढा पाजून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली.) आता पूर्ण भुलेच्या जोडीला २०११ मध्ये राफाएल ब्लँको यांनी मांडलेला ‘पेक्स ब्लॉक’ देता येतो; सोनोग्राफीत पाहत छातीच्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध सोडले, की जागे झाल्यावरची वेदना आणि मळमळ आणणाऱ्या अफूवर्गीय औषधांची गरज कमी होते.

भूल ठरली की प्रवासाचाही विचार हवा. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या मुंबईतील केंद्रात जायचे, तर कर्जतहून सीएसएमटीचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आणि खोपोलीकरांना त्याआधी आणखी १५. पूर्ण भूल किंवा गुंगीनंतर चोवीस तास सोबतीला जाणते माणूस हवे आणि स्वतः वाहन चालवायचे नाही. जखमेत ड्रेनची नळी ठेवलेली असेल, तर गर्दीच्या लोकलपेक्षा तेथेच एक रात्र मुक्काम करणे शहाणपणाचे. उपाशी राहण्याचा नियम मात्र घरातून निघतानाच लागू होतो: पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दुधाचा चहा हलक्या खाण्यात धरला जाऊन त्याला सहा तास लागतात, आणि कर्जत स्थानकावरच्या बटाटेवड्याला, तळलेला म्हणून, आठ.