ज्याचा त्याचा डोस

माणसागणिक बेतलेला उपचार म्हटले की संधिवातावरची महागडी इंजेक्शने आणि महानगरांतल्या जनुकीय प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येतात. पैनगंगेकाठचा, कोलाम-गोंड वस्तीचा झरी जामणी तालुका त्या चित्रात नसतो. वास्तविक या विचाराची निकड विदर्भाच्या सिकलसेल पट्ट्यात अधिक आहे, आणि तो स्वस्तात राबवणेही इथे शक्य आहे. सिकलसेलला आपण रक्ताचा आजार म्हणतो, पण तो चिवट दाहाचाही आजार आहे. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले हीम रक्तात सांडते, रक्तवाहिन्यांचे अस्तर चिडते आणि पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात. मग रक्ताची वाट तुंबते आणि हाडे ठणकू लागतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी पाहणीत पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या रुग्णांना अकाली मृत्यूचा धोका अधिक दिसला होता.

मूळ बिघाड सगळ्यांत सारखाच: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. तरी एका मुलाला क्वचित दुखते आणि दुसऱ्याला वारंवार भरती करावे लागते. यामागचे एक मोठे कारण म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतर अंगात किती टिकले. ते भारतीय रुग्णांत जास्त असते, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, अशी समजूत बरीच वर्षे होती. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या नोंदींनी तिला तडा दिला. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हेच हिमोग्लोबिन वाढवते, शिवाय पांढऱ्या पेशी कमी करते. नागपुरात किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, एवढ्या ठरावीक डोसानेही मुलांची दुखणी कमी झाली. मग डोस ज्याचा त्याचा कशाला, असा रास्त प्रश्न निघतो. त्याचे उत्तर युगांडाने दिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत १८७ मुले होती. किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमच्या स्थिर डोसावर ३७ टक्के मुलांनी हिमोग्लोबिनची अपेक्षित पातळी गाठली. रक्ततपासणी पाहून डोस सुमारे ३० पर्यंत वाढवलेल्यांत ८६ टक्क्यांनी. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. त्यासाठी जनुकांची महागडी तपासणी लागली नाही, पेशींची साधी मोजणी पुरली.

अर्थात ही मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. पेशी फार घटल्याचे कळले नाही तर वाढवलेला डोस घातक ठरेल, त्यामुळे जिथे तपासणी होत नाही तिथे कमी, ठरावीक डोसच बरा. दुसरा आक्षेप कलंकाचा: सिकलसेलचा शिक्का बसला की मुलींची लग्ने मोडतात, जमातीकडे बोट दाखवले जाते. पण जमातीची सरासरी डोस ठरवायला कामाचीच नाही. तो ठरतो समोरच्या मुलाच्या वजनावर आणि रक्तावर. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणीनंतर मिळणारे कार्ड रुग्ण की वाहक एवढेच सांगून थांबले, तर उपचाराला त्याचा उपयोग थोडा. वजन, पांढऱ्या पेशी, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आणि चालू डोस त्याच कार्डावर यायला हवेत. वाढत्या मुलाचे वजन वर्षभर कोणी केले नाही, तर कालचा पुरेसा डोस आज अपुरा पडतो, आणि औषध लागू पडत नाही असे म्हणून घरचे ते बंद करून टाकतात.