लिफ्ट नको, जिना!

नव्या नोकरीचा पहिला दिवस. आयकार्डावरचा फोटो भयंकर, कॉफी फुकट आणि दुपारी तासभर सेफ्टी ट्रेनिंग. मी शेवटच्या रांगेत खुशाल मेसेज करत बसले होते. ‘आग लागली तर लिफ्ट नको, जिना घ्या’, यात शिकवायचं काय?

तिसऱ्याच आठवड्यात सातव्या मजल्यावरच्या पँट्रीतून धूर आला, अलार्म वाजला आणि मी चक्क लिफ्टचं बटण दाबलं! हाउसकीपिंगच्या मावशींनी दंडाला धरून ओढलं, ‘‘अगं पोरी, जिना तिकडं!’’ जिन्यात रिकामी खोकी रचलेली. ठेचकाळत उतरलो. नशीब, फक्त टोस्टर जळला होता.

रात्री मुंबईची कमला मिल आठवली. डिसेंबर २०१७ मधल्या त्या आगीत १४ जण गेले. बरेचजण टॉयलेटमध्ये गुदमरले. आगीआधी धूर गाठतो, तो असा.

तेव्हा नव्या मंडळींनो, पहिल्याच दिवशी डेस्कपासून जिन्यापर्यंत चालून या. दरवाजा उघडतो का, बघा. खोकी दिसली तर अ‍ॅडमिनच्या मागे लागा. धुरात वाकून चाला. आग विझवायच्या सिलिंडरची आधी पिन काढा, मग फवारा ज्वाळांच्या बुडाशी मारा. मावशी दरवेळी शेजारी असतीलच असं नाही!