'शी' आणि 'साठी'

तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या आजीचा जबाब मी मुंबईच्या वकिलांसाठी इंग्रजीत करत होते. वनहक्काचा दावा शेजाऱ्यांचा, आजी साक्षीला. २००८च्या नियमांनुसार दावेदाराखेरीज गावातल्या ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं म्हणणंही पुरावा धरतात. दुसऱ्या पानावर वाक्य आलं, "प्लॉटसाठी आम्ही सगळे साहेबांशी भांडलो." दुपार तिथेच गेली.

'क्वॉरल' लिहिलं आणि लगेच खोडलं. बांधावरची तोंडातोंडी वाटली. 'फाइट' लिहिलं तर काठ्या दिसू लागल्या, आणि या कागदात काठी दिसणं त्या घराला परवडणारं नव्हतं. 'आर्ग्यू'ला काळा कोट चढला. मराठीतलं भांडणं 'शी' घेतं तसं 'साठी'ही घेतं. कोणाशी म्हटलं की कटकट, कशासाठी म्हटलं की हक्क. आजीच्या वाक्यात दोन्ही होतं.

याच भागातल्या वारल्यांच्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०चं. १९७५ साली ते इंग्रजीत आलं, नाव झालं 'आदिवासीज रिव्होल्ट'. जागं होणं गेलं, बंड आलं. मला ते खटकतं. वेठीला जुंपलेल्या, लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून बांधलेल्या माणसाने मालकासमोर 'नाही' म्हणणं, ही १९४५ साली इथे घडलेली पहिली गोष्ट होती, आणि तिला 'जागा' हाच शब्द पुरतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाड्यावर गेले. "आजी, भांडलात म्हणजे काय केलंत?"

"मारामारी नाही केली. नांगर सोडला नाही. साहेब उठ म्हणाला, आम्ही बसलो. दंडाच्या पावत्या दाखवल्या. दंड घेता म्हणजे आम्ही इथेच होतो ना?"

वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. वनखात्याने घेतलेल्या दंडाच्या या पावत्या त्याच्या कितीतरी आधीच्या. म्हणजे ते भांडणच ताब्याची खूण होतं. भांडणाच्याच जवळचा 'हुज्जत' हा शब्द मूळ अरबीत पुरावा, प्रमाण अशा अर्थाचा. आपल्याकडे येऊन तो खुसपट काढण्याचा झाला. गरिबाच्या तोंडचं प्रमाण ऐकणाऱ्याला हुज्जत वाटतं, याचा मला फार राग येतो.

मग एका क्रियापदाच्या जागी मी इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली: जमिनीवरून उठलो नाही, नांगर सोडला नाही, अधिकाऱ्याला पावत्या दाखवत राहिलो. समासात 'भांडलो' देवनागरीत तसंच ठेवलं.