कीटकनाशके, गावाची विहीर आणि ग्रामपंचायत : मांजरसुंबा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
बीड तालुक्यातील मांजरसुंबा हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत, सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले आहे. याच डोंगररांगेत उगम पावणारी बिंदुसरा पुढे सिंदफणेला आणि सिंदफणा गोदावरीला मिळते. कापूस, सोयाबीन व तूर ही जिल्ह्यातील प्रमुख खरीप पिके होत. या पिकांवरील फवारणी आणि पिण्याचे पाणी यांचा संबंध कोणता, आणि त्याबाबत ग्रामपंचायत काय करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप :
हा प्रदेश बेसॉल्ट खडकाचा आहे. येथील भूजल मुख्यतः झिजलेल्या मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत साठते. भेगांतून झिरपणारे पाणी फारसे गाळले जात नाही. त्यातच जुलै ते सप्टेंबर हे महिने विहिरींच्या पुनर्भरणाचे, आणि तेच फवारणीचेही असतात. ज्या पावसाने विहीर भरते, तोच पाऊस शेतातील अवशेष आपल्याबरोबर नेऊ शकतो.

प्रमाणाचा विचार केल्यास धोका अधिक स्पष्ट होतो. कापसावर दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉससाठी भारतीय मानक 10500 (2012) नुसार पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत सहा मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 1 लाख 70 हजार लिटर भरते. त्यात या रसायनाचा केवळ एक ग्रॅम मिसळला, तरी मर्यादेच्या जवळजवळ सहापट प्रमाण होते. म्हणजे विहिरीच्या काठावर धुतलेला एक फवारणी पंपदेखील दुर्लक्षणीय ठरत नाही.

अधिकारांची मर्यादा :
कीटकनाशके कायदा 1968 अन्वये नोंदणी व कायम बंदी यांचे अधिकार केंद्राकडे आहेत. राज्य शासन मर्यादित मुदतीपुरतीच मनाई करू शकते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरही राज्याने अवलंबिलेला मार्ग तात्पुरत्या बंदीचाच होता. ग्रामपंचायतीला तर तेवढाही अधिकार नाही.

तथापि 73 व्या घटनादुरुस्तीने (1992) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत कृषी विस्तार, पाणी व्यवस्थापन व पिण्याचे पाणी हे विषय पंचायतींसाठी नमूद आहेत. कीटकनाशके नियम 1971 मधील नियम 44 नुसार रिकामी वेष्टने व धुवणाचे पाणी यांची विल्हेवाट जलप्रदूषण होणार नाही अशा रीतीने लावणे बंधनकारक आहे. औषधावर नसला, तरी गावाच्या जलस्रोतावर पंचायतीचा अधिकार आहे.

तपासणीतील उणीव :
महाराष्ट्रात स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. जलसुरक्षक नमुने घेतो. जलजीवन मिशनमध्ये (2019) गावातील महिलांनाही क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. मात्र हा संच क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा असे घटक दाखवितो. कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी उपकरणे लागतात. म्हणून हिरवे कार्ड म्हणजे पाणी विषमुक्त असल्याचा दाखला, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. जे मोजलेच गेले नाही, ते नाही असे म्हणता येत नाही.

शक्य उपाय :
1) ग्रामसभेच्या ठरावाने सार्वजनिक विहीर, आड व हातपंपाभोवती औषध कालविणे, पंप धुणे व रिकामे डबे टाकणे यांस मज्जाव करणे, त्यासाठी दूर, स्वतंत्र जागा नेमणे.
2) पीक सर्वेक्षणाचा आधार घेणे. राज्यात 2009-10 पासून सुरू झालेल्या 'क्रॉपसॅप' उपक्रमात किडींच्या नोंदीवरून सल्ला दिला जातो. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ वा अधिक पतंग आढळल्यासच फवारणीचा विचार करावा, असा निकष आहे. सापळ्यांच्या नोंदी चावडीवर लावल्यास अनावश्यक फवारणी टळू शकते.
3) पाच टक्के निंबोळी अर्काची सामूहिक तयारी करणे. उन्हाळ्यात निंबोळ्या गोळा करण्याचे काम बचत गटांकडे सोपविता येईल.
4) पावसाळ्यानंतर निदान एका नमुन्याची सुसज्ज प्रयोगशाळेत अवशेष तपासणी करून घेणे.

अन्यत्रचे अनुभव :
तेलंगणातील, तत्कालीन खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला या कापूस पिकविणाऱ्या गावाने 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच रासायनिक कीटकनाशकांचा त्याग केला. जर्मनीतील म्युनिक शहराच्या जलपुरवठा संस्थेने 1992 पासून मांगफाल खोऱ्यातील शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी अर्थसाहाय्य दिले. पाणी दूषित झाल्यावर शुद्ध करण्यापेक्षा ते दूषितच होऊ न देणे श्रेयस्कर, हा त्यामागील विचार होता. खालच्या बाजूस पाणी पिणाऱ्याने वरच्या बाजूच्या शेतकऱ्याचा भार वाटून घेणे, हे तत्त्व बालाघाटच्या पायथ्याच्या नगरांनाही लागू पडते.

समारोप :
बंदी घालण्याचा अधिकार नसणे म्हणजे हतबल असणे नव्हे. मांजरसुंब्यासारख्या डोंगरमाथ्यावरील गावांत एका विहिरीचे रक्षण केल्याचा लाभ खालच्या प्रवाहालाही होतो. मात्र फवारणी कमी केल्याने पीक बुडण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्यावर टाकून हे साध्य होणार नाही. सर्वेक्षण, पर्यायी औषध व तपासणी यांचा खर्च गाव विकास आराखड्यात धरला गेला, तरच ग्रामसभेचा ठराव कागदावरून शेतापर्यंत पोहोचेल.