चित्र आणि बोल

वाळूजच्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याला वेरूळच्या कैलास लेण्याची माहिती पडद्यावर चित्रे दाखवून वर्गाला सांगावयाची आहे, असे समजा. वेरूळ वाळूजपासून फार दूर नाही. छायाचित्रे हवी तेवढी मिळतात. संगणकही हाताशी असतो. विद्यार्थी मग पुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा पडद्यावर उतरवतो, कोपऱ्यात लहानसे चित्र चिकटवतो आणि वर्गाकडे पाठ करून तीच अक्षरे वाचू लागतो. त्याचे वाचून संपण्यापूर्वी मुलांचे वाचून झालेले असते. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. यात यंत्राचा दोष काहीच नसतो.

संगणकाचे नावही कोणास ठाऊक नव्हते, त्या काळी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी पडद्यावरील चित्रांचे खेळ करून लोकांना थक्क केले होते. १८९२ साली त्यांनी आपला खेळ लोकांपुढे आणला. त्याचे नाव 'शांबरिक खरोलिका'. शांबरी म्हणजे जादू आणि खरोलिका म्हणजे कंदील. असा हा जादूचा कंदील! युरोपात हे यंत्र सतराव्या शतकापासून माहीत होते. पेटीत प्रखर दिवा, त्याच्यापुढे काचेवरचे चित्र आणि चित्रापुढे भिंग, एवढीच त्याची रचना. भिंगातून जाताना चित्र उलटे होई. म्हणून काचपट्टी मुळातच उलटी बसवावी लागे.

पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ही चित्रे हातांनी रंगवीत. काच लहान, पडदा मोठा. तेव्हा कुंचल्याची केसाएवढी चूकही पडद्यावर ठसठशीत दिसणार! एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर रंगवून, एकाहून अधिक कंदिलांच्या साहाय्याने त्या एकापाठोपाठ दाखविल्या की, ती आकृती हलल्याचा भास होई. रामायण-महाभारतातील प्रसंग असत, सर्कसही असे. चित्रे मुकी होती. त्यांना निवेदनाची, संवादांची आणि गाण्यांची जोड दिली जाई. जे डोळ्यांना दिसते ते चित्राने दाखवावे आणि जे दिसत नाही ते माणसाने सांगावे, अशी ही कामाची वाटणी होती. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, आणि काचेवरच्या चित्रांचे दिवस सरत गेले. कामाची ती वाटणी मात्र आजही उपयोगी पडते.

वाळूजच्या विद्यार्थ्याने तिचा उपयोग करून पाहावा. पहिले चित्र अंगणातील दगडी हत्तीचे असावे. शेजारी माणूस उभा असला म्हणजे हत्ती केवढा आहे हे सांगावे लागत नाही. दुसरे चित्र तेथूनच मान वर करून पाहिलेल्या मंदिराचे. त्यावर एकही अक्षर नको. हे मंदिर आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडले, हे त्याने तोंडाने सांगावे. वर्ष, नाव किंवा आकडा लिहावयाचाच असेल, तर तो शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढा मोठा असावा. आदल्या दिवशी त्या बाकावर स्वतः बसून पाहणे, हाच याचा खरा उपाय.

यानंतर थोडे थांबून त्याने वर्गाला विचारावे, "एवढे उंच मंदिर बांधताना कारागिरांनी सुरुवात कोठून केली असेल?" मुले हात वर करतील. कोणी पाया म्हणेल, कोणी खांब. त्यांना बोलू द्यावे, पुढचे चित्र दाखविण्याची घाई करू नये. घाईने केलेला खेळ फुकट जातो. सगळ्यांची उत्तरे संपली की, डोंगरमाथ्यावरून घेतलेले छायाचित्र पडद्यावर आणावे. त्यात तीन बाजूंनी उभा कापलेला कातळ दिसतो आणि मधोमध, खोल खळग्यात, मंदिराचे शिखर दिसते. कारागिरांनी कळसापासून आरंभ करून ते मंदिर वरून खाली कोरीत नेले होते.